चुलींची मोजणी

"बाई, ह्या एका घरात आमी दोनशे तेरा मानसांनी निजायचं कसं, तेवढं जरा नकाशात काढून दाखवा."

अनसाबाई नागे माझ्या टेबलासमोर उभी होती. साठीची, काटक बाई. बांबूच्या चिरफळ्या सोलून सोलून हाताच्या बोटांवर पांढरे ओरखडे उठलेले. तिच्या मागे खोलीच्या दारापासून नगरपालिकेच्या जिन्यावर खालपर्यंत सगळी बुरूड आळी उभी होती. अनसाबाईच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी मनापासून विचारत होती, आणि माझ्या हातातली पेन्सिल तशीच अधांतरी राहिली होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. करंजपूर नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात अनुरेखक म्हणून लागून मला आठ महिने झाले होते. अनुरेखक म्हणजे साहेबांनी काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कागदावर उतरवणारी. नोकरी कच्ची, अक्षर पक्कं आणि स्वतःच्या हुशारीबद्दल गैरसमज भरपूर, असा तो काळ. आता निवृत्त होऊनही मला चार वर्षं झाली, पण तो आठवडा मी माझ्या नातवंडांनाही सांगते. कारण त्यात मी मूर्ख ठरले होते, आणि आजी मूर्ख ठरल्याची गोष्ट मुलांना फार आवडते.

झालं होतं ते असं. करंजपूरच्या उत्तरेला टोपल्या डोंगर आहे. दर फाल्गुनात कोणीतरी त्याचं गवत पेटवून देतं, रात्रभर डोंगरावर तांबडी रेघ दिसते आणि सकाळी काळा डोंगर बघून लोक कामाला लागतात. त्या वर्षी मात्र भर दुपारी वारं फिरलं. वणवा डोंगर उतरून खाली आला, सडक ओलांडून पायथ्याच्या वस्तीत शिरला आणि दीड तासात तीन आळ्यांतली एकशे अठरा घरं खाऊन गेला. दिवसाउजेडी घडलं म्हणून माणसं वाचली. घरं कुडाची, त्यांना टेकून प्रत्येकाने बांबू रचलेले. आगीला एका घरातून दुसऱ्या घरात जायला वाट शोधावी लागली नाही.

अशा वस्तीचं पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर माळावर पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकतात आणि मोकळ्या जागेवर दोन वर्षांत दुकानं उठतात. पण आमचे प्रांत खर्डेकर साहेब हट्टी निघाले. त्यांनी नगरपालिकेकडून ठराव करून घेतला की ज्याचं घर जिथे जळलं तिथेच ते पक्कं बांधून द्यायचं. डोंगराच्या अंगाला गवत काढलेली रुंद जाळरेषा, बारा फुटी गल्ल्या, दोन घरांत अंतर आणि बांबू रचायला वस्तीच्या खालच्या टोकाला वेगळी शेड. असा नकाशा आमच्या तालुक्यात त्याआधी कोणी काढला नव्हता. तो ट्रेस करताना मला आपण इतिहास उतरवतो आहोत असं वाटत होतं.

घर कोणाकोणाला द्यायचं हे ठरवायला पाहणी माझ्याकडे आली. आमचे अभियंता गुळवणी साहेब नियमाला जागणारे गृहस्थ. त्यांनी मला योजनेचा छापील कागद वाचून दाखवला होता: स्थळपाहणीत ज्याची विभक्त चूल आढळेल ते स्वतंत्र कुटुंब. रेशनकार्ड धरायचं नाही, कारण एका घरातून तीन-तीन कार्डं निघतात. मुलगा वेगळा राहतो, दीर वेगळा राहतो, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि चूल बघायची. मी चार दिवस उन्हात हिंडले. दोन आळ्यांत लोकांनी जळक्या घरांसमोर तीन-तीन दगड मांडून स्वयंपाक सुरू केला होता. मी ते दगड मोजले, बहात्तर भरले, घरांशी ताळा जमला. मग बुरूड आळीत गेले.

तिथे आळीच्या तोंडाशी लांबलचक चर खणून एक मोठं चुलाण पेटलेलं होतं. त्यावर तीन काहिली. बायका भाकऱ्या थापत होत्या, कोणी वाढत होतं, पोरं ओळीने बसली होती. मी अनसाबाईला विचारलं की आळीत चुली किती. ती म्हणाली एकच. मी पुन्हा विचारलं, नक्की एकच ना? ती अभिमानाने म्हणाली की व्हय, आमची एकच. मी लिहिलं: एक. कुटुंबप्रमुख अनसाबाई नागे, माणसं दोनशे तेरा. मग तिने मला आग्रहाने बसवलं आणि पिठलं-भाकरी खाऊ घातली. भाकरी इतकी सुरेख होती की मी दुसरी मागून घेतली.

शेऱ्याच्या रकान्यात मी "सर्वजण एकत्र जेवतात" असं लिहिलंही होतं. पण वरती शेरा कोणी वाचत नाही, बेरीज वाचतात. बहात्तर आणि एक, त्र्याहत्तर घरं. यादी टाइप झाली, सह्या झाल्या आणि नगरपालिकेच्या फळ्यावर लागली. सेहेचाळीस घरांच्या बुरूड आळीला एक घर मिळालं होतं.

अनसाबाईचा प्रश्न ऐकून गुळवणी साहेब आपल्या टेबलावरून उठून आले. त्यांनी यादी पाहिली, माझा फॉर्म पाहिला, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मला वाटलं आता चारचौघांत माझी बिनपाण्याने होणार.

"कासार, तुम्ही तिथे जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग चूल चांगलीच बघितली असणार तुम्ही," ते म्हणाले आणि अनसाबाईला त्यांनी खुर्ची दिली.

मग तिने सांगितलं ते ऐकताना माझे कान तापले. आळीला आग लागली की सगळ्यांची चूल एक करायची, ही त्यांची जुनी रीत. शेवटच्या माणसाचा कूड उभा राहीपर्यंत आळीत दुसरी चूल पेटवायची नाही. तिच्या सासूच्या वेळी आग लागली होती तेव्हा पाच महिने सगळे एका चुलाणावर जेवले होते. मी विचारलं असतं की आगीआधी आळीत बिऱ्हाडं किती होती, तर तिने बोटं मोजून सेहेचाळीस नावं सांगितली असती. मी विचारलंच नव्हतं.

यादी अजून कच्ची होती, हा एवढाच दिलासा. हरकत आली की प्रांत स्वतः फेरपाहणी करणार होते, येत्या गुरुवारी सकाळी. पण नियम तोच. पाहणीत चूल आढळली पाहिजे. त्या दिवशी एक आढळली तर कागद कायमचा एकच म्हणणार, आणि पंचेचाळीस घरांच्या जागा मोकळ्या राहणार. मोकळ्या जागेवर डोळा ठेवून बसलेली मंडळी नगरपालिकेत होतीच.

आळी जिना उतरून गेल्यावर गुळवणी साहेबांनी मला एक तोड सांगितली. त्यांनी नियमाला बगल दिलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली. ते म्हणाले की गुरुवारी सकाळी तासभर प्रत्येकाने आपल्या जागेवर तीन दगड मांडून चहाचं आधण ठेवावं. आपण मोजू, प्रांत सही करतील, मग खुशाल पुन्हा एकत्र जेवा. कोणाचं काही जात नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी डबा न खाताच सायकल काढली.

अनसाबाई चुलाणाजवळ परात घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. बाकीचे भोवती गोळा झाले, आणि तिने पीठ मळता मळताच नाही म्हणून सांगितलं.

मला वाटलं तिला समजलं नाही. मी पुन्हा समजावलं. तिचा पुतण्या रघुनाथ, सुपं घेऊन बाजार करणारा तरणा माणूस, माझ्या बाजूने बोलला. तासभर दगड मांडले तर कुठला देव कोपणार आहे, असं त्याने चुलतीला विचारलं. इतर चार-पाच जणांनीही मान डोलावली. पक्क्या भिंतीचं घर आयुष्यात पहिल्यांदा हाताशी आलेलं होतं. त्यांना दोष कसा देणार?

"देव न्हाई कोपत रे," अनसाबाई म्हणाली. "पन आज तासभर पेटवली की उद्या कुनीतरी म्हननार, पेटलीच हाय तर असू दे. मग ज्याच्या डब्यात पीठ हाय त्यो खानार आन् ज्याच्या न्हाई त्यो धूर बघनार. आळीत आज पीठ किती घरांत हाय? तू मोज की."

रघुनाथने मोजलं नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. मी आले होते घरं वाचवायला, आणि तिच्या पुढ्यात मला आपण काहीतरी हिसकावून घ्यायला आल्यासारखं वाटायला लागलं.

तरी मी चिडले, हे कबूल करते. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या रीतीपायी पंचेचाळीस घरं जातील. हे यांना कोण सांगणार?"

तिने हात थांबवला. मग तिने एकच विचारलं. पंचनाम्याच्या लोकांनी राखेला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, आता ती उचलायला परवानगी आहे का? मी म्हटलं पंचनामा होऊन गेला, खुशाल उचला. ती म्हणाली बरं, आणि पुन्हा पीठ मळायला लागली. मला वाटलं बाई हरली आणि साफसफाईच्या मागे लागली.

ऑफिसात परतल्यावर मी गुळवणी साहेबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी मला सल्ला दिला की प्रांतांनी चूक कोणाची असं विचारलं तर कार्यालयाची म्हणायचं. कार्यालयाला कोणी घरी बसवत नाही. माझी नोकरी वाचावी म्हणून ते सांगत होते आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. पण बुधवारचा सगळा दिवस मी नकाशावर बुरूड आळीचे चौकोन खोडरबराने पुसत होते आणि पुन्हा काढत होते. घर वडिलांविना, तीन धाकटी भावंडं, नोकरी हवीच होती. त्या चौकोनांत राहणाऱ्यांनाही घर हवंच होतं.

गुरुवारी सकाळी साडेआठला जीप आली. खर्डेकर साहेब उंच, कमी बोलणारे. सोबत एक कारकून वही घेऊन. आळीच्या तोंडाशी तेच एक चुलाण, त्यावर त्याच तीन काहिली. साहेबांनी तिकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले की इथे तर एकच चूल दिसते आहे.

अनसाबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "सायेब, आत चला."

आत गेलो आणि मी जागीच थांबले. दोन दिवसांत त्यांनी सगळी आळी खराट्याने झाडून काढली होती. जळके वासे, पत्रे, राख सगळं बाहेर नेऊन टाकलेलं. कूड नाही, छप्पर नाही, पण मातीची जोती धुतल्यासारखी स्वच्छ उघडी पडली होती. आणि बघावं त्या जोत्याच्या आग्नेय कोपऱ्यात राखेखालून निघालेली एक चूल होती. मातीची, शेणाने वर्षानुवर्षं सारवलेली चूल. घर जळून गेलं होतं आणि ती भाजून पक्की झाली होती, माठासारखी लालबुंद. प्रत्येक चुलीपाशी तिची मालकीण उभी होती. एकही चूल पेटलेली नव्हती.

साहेब पहिल्या जोत्यावर चढताना क्षणभर थांबले. तिथे दार नव्हतं, तरी त्यांनी बूट काढले. वाकून त्यांनी चुलीच्या काठावर बोटाने टकटक केलं. खणखणीत आवाज आला.

"यांच्याबद्दल नियम काय म्हणतो, गुळवणी?" त्यांनी विचारलं.

"विभक्त चूल आढळल्यास, साहेब." गुळवणी साहेबांनी घसा साफ केला. "ती पेटलेली असावी असं कुठे म्हटलेलं नाही."

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्यांनी माझ्या हातातला फॉर्म मागून घेतला आणि विचारलं की मग हा एकचा आकडा कोणी लिहिला.

गुळवणी साहेबांनी मुद्दामच माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांचा सल्ला मला आठवावा म्हणून. कार्यालय हा शब्द माझ्या जिभेवर होता. पण समोर बायका आपापल्या चुलीपाशी उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीनेही खोटे दगड मांडले नव्हते.

"मी लिहिला साहेब," मी म्हटलं. "चुली किती एवढंच विचारलं. का, ते विचारलं नाही. जेवले मात्र पोटभर."

शेवटचं वाक्य मी का बोलले, मला आजही कळलेलं नाही. बायकांत खसखस पिकली. साहेबांनी फॉर्म मला परत दिला आणि म्हणाले, "आता चालत मोजा. मोठ्याने."

मी मोजत निघाले. एक, दोन, तीन. प्रत्येक चुलीपाशी बाई आपलं नाव सांगे, मी आकडा म्हणे, कारकून लिहून घेई. अठ्ठावीसपर्यंत पोचले तेव्हा माझा आवाज कापायचा थांबला. चाळिशीनंतर पोरं माझ्याबरोबर म्हणायला लागली. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. आणि आळीच्या टोकाला शेवटचं जोतं.

त्यावर गोदू आबा बसले होते. सत्तरीचे, दोन्ही डोळे गेलेले, एकटा जीव. मांडीवर अर्धवट विणलेलं सूप आणि बोटं झरझर चाललेली. जोतं झाडून लख्ख केलेलं होतं, पण त्याच्या चारही कोपऱ्यांत काही नव्हतं.

साहेब जोत्याभोवती एक फेरी मारून आले. कारकुनाची लेखणी थांबली. मी अनसाबाईकडे बघितलं. दोन दिवस हाताशी होते, माती होती. मनात आणलं असतं तर एक चूल थापून, भाजून ठेवायला या लोकांना किती वेळ लागला असता? तिने ते केलं नव्हतं.

"यांची चूल?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," अनसाबाई म्हणाली.

"नव्हतीच का कधी?"

"डोळं गेल्यापास्नं न्हाई. इस्तवाशी आंधळ्याचं काय काम?" मग ती एक पाऊल पुढे आली. "पन सायेब, आमची एकेकीची एक चूल. ह्यांच्या पंचेचाळीस हायत. रोज एकीवर जेवत्यात. पाळी चुकली तर भांडनं व्हत्यात आमच्यात."

गोदू आबांची बोटं चालूच होती. साहेबांनी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. त्यांच्यासारखा माणूस नियम मोडणार नाही हे मला माहीत होतं. मग त्यांनी कारकुनाच्या वहीतला योजनेचा छापील कागद घेतला, खाली जोत्यावर आबांच्या शेजारी बसले आणि नियमाची "विभक्त चूल" वाली ओळ स्वतःच्या पेनाने खोडून त्यावर काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. "आगीपूर्वी जेथे ज्याचे बिऱ्हाड होते, ते त्याचे घर." खाली सही, तारीख.

पुढे कलेक्टर कचेरीने त्यावर तीन पत्रं पाठवून विचारणा केली, हे मला फायलीत दिसलं. साहेबांनी तिन्हींना उत्तर दिलं. सहा महिन्यांनी शेजारच्या तालुक्यात गोठ्याच्या आगीत चौदा घरं गेली तेव्हा तिथल्या पाहणीच्या फॉर्मवर तीच ओळ छापून आली होती, आणि चुलीचा रकाना गायब होता. तो का गेला, ते तिथे कोणाला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मी ओळ मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग "सेहेचाळीस" म्हटलं. पोरांनी ओरडून आळी डोक्यावर घेतली. अनसाबाईने डोळ्यांना पदर लावला. गुळवणी साहेब चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मी तर उघड रडत होते. नोकरी राहिली की गेली हे त्या क्षणी मला आठवलंही नाही. राहिली, हे वेगळं सांगायला नको.

साहेब अजून आबांजवळच बसले होते. गमतीने म्हणाले, "आबा, पंचेचाळीस चुली म्हणजे हिशेबाने तुम्हाला पंचेचाळीस घरं द्यायला पाहिजेत."

गोदू आबांनी सुपाची कड वळवून दाबली, अंगठ्याने ती सारखी झाली की नाही ते चाचपून पाहिलं.

"एक बास हाय," ते म्हणाले. "पन त्यात चूल नगा घालू. जागा अडती."

मी त्याच संध्याकाळी नकाशा पुरा केला. बुरूड आळीत सेहेचाळीस चौकोन काढले, पंचेचाळिसांत स्वयंपाकाचा ओटा दाखवला. टोकाच्या घरात नाही दाखवला. गुळवणी साहेबांनी सही करण्याआधी नकाशावर बोट ठेवून एकदा त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सही केली.